फळ्यावरचा भाव

अंडीबाजारात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळा तिची लहानपणीच सुटली होती. पण सकाळी शटर वर सरकवून, ओल्या फडक्याने फळा पुसून ती खडू घेऊन उभी राहिली, की हमाल, गाडीवाले, सायकलवर ट्रे बांधून हिंडणारे विक्रेते, सगळे वर्गातल्या पोरांसारखे गप्प होत. ती एकच आकडा लिही: शेकडा अंड्यांचा त्या दिवसाचा भाव. मग सगळे एकदम बोलू लागत, खिशातून फोन निघत, आणि तो आकडा गल्लीतून बाहेर पडून आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांपर्यंत, बेकऱ्यांपर्यंत, वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांपर्यंत जाऊन पोहोचे.

हे काम तिच्याकडे नवऱ्याकडून आलं, आणि कामाबरोबर त्याची अटही आली. जो भाव उघडेल, त्याने दुपारची घंटा होईपर्यंत येईल त्याचा माल त्याच भावाने घ्यायचा. रोख. समोर ओळखीचा असो की परका, ‘नको’ म्हणायचं नाही आणि घंटेआधी फळा पुसायचा नाही. म्हणून तर सगळा बाजार त्या आकड्यावर विसंबून होता. उगाच चढवून लिहिला, तर साऱ्यांचा माल आपल्याच अंगावर यायचा. उगाच पाडून लिहिला, तर दुकानाकडे कोणी फिरकायचं नाही. “लिहायला काय लागतं?” नवरा म्हणायचा. “लिहिलेलं निस्तरायला लागतं.”

तो गेल्यावर भाव कोण उघडणार याची गल्लीत कुजबुज झाली. समोरच्या दुकानातला व्यापारी अंगाने काडीसारखा होता, म्हणून त्याला पैलवान म्हणत. त्याने पुढे होऊन विचारलंही, “वहिनी, तुम्हाला झेपेल का? नाहीतर मी आहे.”

“तुम्हाला वाऱ्यात धरून ठेवावं लागतं, भाऊजी. तुम्ही काय झेपवणार?” असं म्हणून तिने खडू उचलला होता. हमाल पोट धरून हसले, आणि त्या हसण्यातच तिचा कारभार सुरू झाला.

भाव ती हवेतून काढत नसे. पहाटे उठून चहा उकळेपर्यंत तिची विचारपूस चाले. बेकरीवाल्याला ती पीठ किती मळलं ते विचारी, अंडी किती लागणार हे कधीच विचारत नसे. पीठ मळणारा खोटं सांगत नाही, असं तिचं मत. गाड्या आल्या की ती अंड्यांआधी ट्रेवरून बोट फिरवी. बोटाला धूळ लागली, म्हणजे माल पोल्ट्रीवर पडून आहे, भाव उतरणार. ट्रेच्या तळाला ओलसर विष्ठा लागलेली असली, म्हणजे घाईने उचललाय, मागणी आहे. ते काळं झालेलं बोट ती भिंतीला पुशी. तिच्या दुकानाची ती भिंत खांद्याच्या उंचीवर कायम मळलेली असे.

मूलबाळ नव्हतं. एक धाकटा भाऊ होता, आई गेल्यावर तिनेच वाढवलेला. सासरी येतानाही ती त्याला बरोबर घेऊन आली होती. ‘हुंड्यात मेहुणा मिळाला,’ असं नवरा चेष्टेने म्हणे. पण पोराला पहिली सायकल त्यानेच आणून दिली. मोठा झाल्यावर भावाने शहराबाहेर शेड बांधली, पिंजरे लावले, अंड्यांवरच्या कोंबड्या पाळल्या. बहिणीकडे माल आणताना तो रांगेत सगळ्यांसारखा उभा राहायचा. ती त्याच्याही ट्रेवरून बोट फिरवायची.

त्या वर्षी लांबच्या एका भागात कोंबड्यांना रोग आला. इथे एकही कोंबडी मेली नव्हती, पण बातमी आली आणि लोकांनी अंडं खाणं सोडलं. वसतिगृहाच्या आचाऱ्याने फोनवर सांगितलं, “मास्तरीणबाई, पोरं अंड्याकडे अशी बघतात, जसं मी त्यात काही घातलंय.” बेकरीवाल्याने निम्मंच पीठ मळलं. त्याच आठवड्यात भावाच्या पोल्ट्रीकडे जाणारा पूल दुरुस्तीसाठी बंद होता. अंडी शेडमध्ये साठत गेली. पूल उघडला त्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

“ताई, उद्या काय लिहिणार आहेस?”

“हे मी कोणाला सांगते का?”

“मी कोणी आहे का?”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“निम्म्यावर येणार ना?” तो म्हणाला. “खरं सांग.”

“निम्म्याच्याही खाली.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. तो शेडमधूनच बोलत होता. “खाद्य परवापर्यंत पुरेल,” तो म्हणाला. “आठवडाभराचा माल आहे. तो आजच्या भावाने गेला, तर पुढचा महिना निघेल, तोवर लोक विसरतील. नाही गेला, तर कोंबड्या कापणाऱ्याला द्याव्या लागतील. ऐन अंड्यावर आहेत गं. एकच दिवस भाव धर. मी कधी काही मागितलंय?”

त्याने खरंच कधी काही मागितलं नव्हतं. हेच तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. चपलेचा अंगठा तुटला तरी तो सुतळी बांधून शाळेत जायचा, सांगायचा नाही.

“सकाळी लवकर ये,” ती म्हणाली. “सगळ्यात आधी गाडी लाव.”

“नको. पहिलीच गाडी माझी लागली तर लोक तुला नावं ठेवतील. मी मागून येतो. घंटेच्या आत येतो म्हणजे झालं.”

तिलाही ते पटलं. लाज दोघांनाही सारखीच होती.

सकाळी तिने फळा पुसला आणि कालचाच आकडा लिहिला. गर्दी गप्पच राहिली. पैलवान आपल्या पायरीवरून उठून रस्ता ओलांडून आला, फळ्याजवळ तोंड नेऊन त्याने आकडा वाचला.

“मास्तरीणबाई, तारीख घालायची राहिली. हा कालचा भाव आहे.”

“आजचाही तोच आहे.”

“खडू घसरला असेल तर आत्ताच सांगा. हसणार नाही कोणी.”

“माझा खडू आहे, भाऊजी. घसरला तर मी उचलीन.”

तो मागे फिरला, पायरीवर बसला, आणि त्याने खिशातून फोन काढला नाही. त्या दिवशी गल्लीत विकत घेणारं कोणीच नव्हतं. सायकलवाले विक्रेते रिकामे ट्रे तसेच बांधून निघून गेले.

पहिली गाडी आली ती ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याची. तिने बोट फिरवलं, बोट काळं झालं, तिने माल घेतला. दुसरी गाडी तिच्या पाठोपाठ आली. तिसरी आली तेव्हा मागे आणखी दोन वळत होत्या. इतक्या गाड्या तर भाव चढल्यावरही येत नसत. गोदामाच्या भिंतीला लागून ट्रेंची थप्पी छातीपर्यंत आली, मग डोक्यावर गेली. हमाल आता विनोद करत नव्हते.

एका गाडीवरची बाई, पुलापलीकडच्या एका पोल्ट्रीची मालकीण, आजवर या गल्लीत कधी आली नव्हती. ती पैसे घेताना म्हणाली, “तुमचे उपकार झाले हो, ताई.”

“तुम्हाला कोणी सांगितलं इथला भाव?”

“तुमच्या भावाने. काल आमच्या ह्यांना फोन केला होता. म्हणाला, घाबरू नका, माझी बहीण भाव पडू देणार नाही.” ती बाई हसली. “पाठीवर असा भाऊ हवा. किती अभिमान आहे त्याला तुमचा!”

मास्तरीणबाईने मान हलवली. त्याने फोन का केला असेल हे तिला कळत होतं. आपल्यापुरतं सुटून जाणं त्याला जमलं नसणार. शेजारच्याला तेवढं सांगावं, एवढंच त्याने मनात आणलं असेल. शेजारच्याने आपल्या मेहुण्याला सांगितलं असेल. रागावण्यासारखं त्यात काय होतं, हे तिला शोधूनही सापडेना.

ती फळ्याकडे बघे, मग रस्त्याच्या वळणाकडे. पुसला असता तर तिथेच थांबलं असतं. पण पुसायचा नाही, ही अट. आणि अट बाजूला ठेवली तरी त्याची गाडी अजून यायची होती.

गोदाम भरलं. तिने माल बोळात लावायला सांगितला. बोळ भरला. जिन्याच्या पायऱ्यांवर ट्रे चढले, वरच्या खोलीत पोहोचले, तिच्या पलंगाखाली, चुलीच्या ओट्यावर. एका म्हाताऱ्याने परसातल्या कोंबड्यांची टोपलीभर अंडी आणली, तीही तिने घेतली. तो भाव ऐकून दोनदा ‘नक्की ना?’ म्हणाला. गल्ल्यात हात घातला की बोटांना लाकूड लागायला लागलं. तिने दुकानाच्या मुनीमजींना बँकेत पाठवलं, ते होतं नव्हतं ते घेऊन आले, आणि तेही गेलं.

तेव्हा त्याची गाडी वळणावर दिसली.

तो गाडीतून उडी मारून उतरला तो हसतच. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला होता. बोळाच्या तोंडाशी येऊन थबकला, ट्रेंच्या थप्प्यांकडे त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं. हसू अजून तोंडावर तसंच होतं, त्याला काय झालंय ते कळायला वेळ लागला.

“ताई?”

“कुठे ठेवू?” ती म्हणाली. “आणि कशाने घेऊ?”

“हे सगळे...”

“तुझेच आहेत. तू पाठवलेत.”

“मी फक्त शेजारच्याला सांगितलं गं. त्याच्या घरी लहान पोरं आहेत.”

“हो.”

“थोडा तरी घे. निम्मा घे.”

“गल्ला बघ हवं तर.”

“उधारीवर मी खाद्य कसं आणू?” त्याचा आवाज चढला. गल्ली ऐकत होती. पैलवान पायरीवर उभा राहिला होता. भावाने एकदा सगळ्यांकडे बघितलं, मग फळ्याकडे, आणि लहानपणी हट्टाला पेटल्यावर जसा बोलायचा तसा म्हणाला, “फळ्यावर भाव आहे, ताई. घंटा झालेली नाही.”

बाजारातल्या कोणालाही म्हणता आलं असतं असं ते वाक्य होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिने कदाचित घर लिहून दिलं असतं. ती फळ्यापाशी गेली. फडकं कुठेतरी ट्रेंखाली गेलं होतं. तिने तळहाताने आकडा पुसला. तो नीट पुसला गेला नाही, नुसता पांढरा डाग पसरला, म्हणून तिने पुन्हा हात फिरवला.

एका म्हाताऱ्या हमालाने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

पैलवानाने भावाचा माल घेतला, निम्म्याच्याही खालच्या भावाने. तो भाव खरा होता. तिने सकाळी लिहायला हवा होता तोच. त्यात खाद्याची दोन-चार पोती आली आणि संपली. त्यानंतर जाळीची गाडी शेडवर जाऊन कोंबड्या भरून घेऊन गेली. जाताना पिंजऱ्यात कित्येकींनी अंडी घातली होती. ती गाडीवाल्याने ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईने खरा भाव लिहिला. लोकांनी तो वाचला, आणि रस्त्यापलीकडे पैलवानाकडे बघितलं. त्यांच्या मनात राग नव्हता. पण घंटेआधी पुसला जाऊ शकणारा आकडा त्यांना नुसताच आकडा वाटू लागला होता, आणि तसे आकडे तर कोणीही सांगू शकतो. थोड्याच दिवसांत पैलवान भाव उघडू लागला, फळ्यावर नाही, फोनवर. अटीचं कोणी विचारलं की तो म्हणे, “मी भाव सांगतोय. माल कुठे मागतोय?” त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एवढंच झालं, की मालाची गाडी घेऊन निघालेल्या माणसाला आता वाटेत माहीत नसतं, बाजारात पोहोचल्यावर आपला माल कोणी घेईल की नाही.

तिच्या दुकानात अंडी राहिली. उन्हाचे दिवस होते. ती गोदामात दिवा लावून, दार लोटून बसे आणि एकेक अंडं उजेडासमोर धरून बघे: आतला बलक जागेवर असला तर उजव्या हाताला, सरकला असला तर डाव्या. उजवीकडचं बेकरीवाला फुकटात नेल्यासारखं नेई. डावीकडचं रोज संध्याकाळी गटाराच्या तोंडाशी जाई, आणि शेजारपाजारचे खिडक्या लावून घेत.

भाऊ आला नाही. त्याची बायको आली. एका दुपारी दार ढकलून ती आत शिरली, चप्पल काढली, आणि न विचारता ट्रेच्या पलीकडे मांडी घालून बसली.

“वन्सं, मला दाखवा कसं बघायचं ते.”

“घरी काम नाही का?”

“कसलं काम? शेड झाडून ठेवली. आता तिथे चिमण्या येतात.”

तिने दाखवलं. भावजय लवकर शिकली. कोंबड्या राखलेल्या हाताला अंड्याचं वजन ठाऊक असतंच. दोघी बसून राहिल्या. आत उकाडा होता, वास होता, दिव्यासमोर एकेक अंडं लालसर होऊन विझत होतं. मग एक अंडं भावजयीने नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. ते चांगलं होतं.

“यात आमचं एकही नाही ना?” तिने विचारलं.

“नाही,” मास्तरीणबाई म्हणाली. “एकही नाही.”

भावजयीने ते उजवीकडे ठेवलं आणि पुढचं उचललं.