दोरीपलीकडचं पाणी

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली ‘टाचणी’ म्हणायची. अंगाने काटकुळी आणि तोंडात सदैव दोन-चार टाचण्या. त्यांच्या फटीतून ती गिऱ्हाइकाला जे सुनावायची ते मात्र स्पष्ट ऐकू यायचं. “पोरगं वाढतंय, म्हणून पँटीत आत कापड दुमडून ठेवलंय. उद्या आखूड झाली तर उसवून घ्या, माझ्या नावाने खडे फोडू नका.”

दुकानात अशी तिखट असलेली टाचणी घरात मात्र जन्मभर ऐकत आली होती. ऐकवणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हता, हीच खरी अडचण. लहानपणी भावंडं तळ्यात डुंबायची आणि ही काठावर त्यांचे कपडे राखत बसायची, कारण हिची प्रकृती नाजूक असं वडिलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नर्स व्हायचं मनात होतं, तर थोरला भाऊ म्हणाला, “रात्रपाळ्या तुला झेपायच्या नाहीत गं, घरबसल्या शिवण शीक.” नवरा तर देवमाणूस. कापडाचे तागे स्वतः खांद्यावर वाहून आणायचा. हिने एकटीने मोठा रस्ता ओलांडलेला त्याला खपत नसे. आता भांडायचं कोणाशी? दुष्ट माणसाच्या अंगावर धावून जाता येतं. जो आपल्या डोक्यावर छत्री धरून स्वतः भिजतोय, त्याला ‘छत्री काढ’ कसं म्हणायचं?

नवरा गेल्यावर मुलाने छत्री हातात घेतली.

त्या सुमारास पोहण्याच्या तलावावरच्या कर्मचाऱ्यांच्या हाफपँटी शिवायचं काम तिच्याकडे आलं. गठ्ठा पोचवायला गेली आणि कठड्याला टेकून उभीच राहिली. बायकांची वेळ होती. तिच्याच वयाची एक लठ्ठ बाई पाण्यावर पाठ टाकून अशी पडली होती, जणू घरची गादीच.

“बघत काय उभी राहिलीस? ये की!” ती बाई ओरडली. बँकेत कॅशियर होती ती. निवृत्त झाली तरी आवाज काउंटरवरचाच.

“मी बुडेन.”

“मी एवढी तरंगतेय, तुला काय धाड भरलीय?”

टाचणीने स्वतःच्या मापाचा गुडघ्यापर्यंतचा पोशाख शिवला. डॉक्टरांना विचारलं, रक्तदाबाची गोळी चुकवू नका आणि खुशाल पोहा, म्हणाले. सुरुवातीला नाकातोंडात पाणी जाऊन ती बेजार झाली, पण हटली नाही. तलावाच्या मध्ये रंगीत गोळ्यांची दोरी होती. अलीकडे छातीइतकं पाणी, पलीकडे तळ लागत नसे. न थांबता दोन फेऱ्या मारून दाखवल्या की पलीकडे जायची मुभा, असा तलावाचा नियम. टाचणीने त्या मारल्या. पहिल्यांदा दोरीपलीकडे गेली तेव्हा पायाखाली जमीन नव्हती, दंडाला कोणाची पकडही नव्हती, आणि तरी ती वर होती. त्या दिवशी घरी येऊन तिने मशीनवर बसल्या बसल्या मोठ्याने गाणं म्हटलं. सुनेने चमकून पाहिलं. “आज काय विशेष, आई?” टाचणीने उत्साहाच्या भरात सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती दोरीजवळ पोचते न पोचते तोच शिट्टी वाजली.

“मावशी, आजपासून अलीकडेच,” काठावरून पोहणं शिकवणारे सर म्हणाले.

“का? नियम बदलला?”

सर डोकं खाजवू लागले. “तुमचा मुलगा सकाळीच येऊन गेला. काळजी वाटते त्याला. म्हणाला, आईला खोलात सोडू नका, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.”

“मग मला कशाला सांगितलंत?”

“आता तुम्ही विचारलंत म्हणून.”

कॅशियरबाई फिसकन हसली. टाचणी हसली नाही. मुलाने तोंडावर नको म्हटलं असतं, तर ती दोन शब्द बोलली असती, दोन ऐकले असते. पण हा तिला वगळून परस्पर ठरवून मोकळा झाला होता, जणू ती गणवेशाच्या मापाला आणलेलं पोर.

“सर, परीक्षा कोणी दिली? मी की माझ्या मुलाने?”

“मावशी, पण—”

तिने श्वास घेतला, डोकं खाली घातलं आणि दोरीखालून पलीकडे गेली.

शिट्टीवर शिट्टी वाजत राहिली. टाचणी हात मारत निघाली. तलावाचं टोक जवळ आलं आणि डाव्या पोटरीत असा जबर गोळा आला की तिच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. क्षणभर पाणी कपाळावरून गेलं. भीती वाटली, खोटं कशाला बोला. मग शिकवलेलं आठवलं. ती उताणी झाली, दुखरा पाय सैल सोडला आणि नुसत्या हातांनी पाणी मागे लोटत टोकाच्या दांडीपर्यंत आली. दांडी धरली तेव्हा सर कपड्यांसकट पाण्यात उडी मारून तिच्यापर्यंत पोचले होते.

व्हायचं तेच झालं. सरांनी फोन लावला, आणि ऑफिसला निघालेला मुलगा अर्ध्या वाटेतून तलावावर आला. टाचणी बाकावर बसून पोटरी चोळत होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बघितलंस? मी सांगत होतो की नाही?”

“तू मला कुठे सांगितलंस? तू सरांना सांगितलंस.”

“आई, शब्दांत पकडू नकोस. काही बरंवाईट झालं असतं तर?”

“झालं असतं,” टाचणी शांतपणे म्हणाली. “गोळा आला, घाबरलेसुद्धा. तू म्हणतोस ते खोटं नाही.”

एवढं कबूल झाल्यावर विषय संपला असं मुलाला वाटलं. त्याने टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. “चल मग घरी. उद्यापासून बागेत फिरायला जा. मी सोडत जाईन.”

“तू मोटरसायकल चालवतोस. मागे एकदा पडलास, कोपर फुटलं. मी किल्ली लपवली का?”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं? तुझं कोपर तुझं, आणि माझी पोटरी घराच्या मालकीची?”

कॅशियरबाई तोंडाला टॉवेल लावून खोकली. मुलगा लाल झाला. “आम्हाला तू हवी आहेस, एवढंच,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच कापला.

याच आवाजाला तिने तळं दिलं होतं, दवाखाना दिला होता, रस्ता दिला होता. तिने मुलाचा हात घट्ट दाबला.

“मला ठाऊक आहे रे. काळजी कर, रोज कर. पायाला तेल चोळून दे, पडेन तेव्हा उचलायला ये. पण ठरवायचं मी.” मग तिने टॉवेल घडी करून त्याच्या हातात दिला. “आणि सर, उद्या पाण्यात उतरायच्या आधी तो पोटरी ताणायचा व्यायाम दाखवा. आज कंटाळा केला, ती चूक माझी.”

“उद्या ना? दाखवतो,” सर सुटकेने म्हणाले.

“आज वेळ अजून संपलेली नाही.”

ती लंगडत निघाली. उथळ बाजूच्या पायऱ्या जवळ होत्या, त्या सोडून ती पुढे गेली. खोल बाजूच्या शिडीशी पोचून तिने पाठ पाण्याकडे केली आणि दांड्या धरल्या.

“आई!” मुलगा ओरडला. “सर, अडवा ना तिला!”

सरांनी शिट्टी हातात घेतली. टाचणीने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय खालच्या पायरीवर ठेवला, मग त्याच्या खालच्या, आणि मग जिथे पायरीच नव्हती तिथे.