शिशाचा एकच एप्रन

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. परवा लोणावळ्यात गुडघ्याचा एक्स-रे काढताना शिशाचा एप्रन दिसला आणि सोमाटण्याचा दवाखाना आठवला. तिथे मी एक्स-रे काढायचो. एक बाई हात मोडलेल्या लेकीला धरून उभी होती. दवाखान्यातला एकुलता एप्रन माझ्या अंगात. "भाऊ, ह्या किरणांनी काय व्हत न्हाई ना?" "रेडिओच्या लहरी, उजेड, एक्स-रे, सगळी एकाच घरची. एक्स-रे जरा तापट, एवढंच." "म्हनून तुमी ह्ये जाड घातलंय व्हय?" ती हसली. मीही हसलो आणि बटण दाबलं. दिवस गेलेत का, हे विचारलंच नाही. पुढे कळलं, तिच्या पोटातलं मूल गेलं. किरणांमुळेच का, कुणास ठाऊक. लेकीचं प्लास्टर काढायला ती आली, तेव्हा माफी मागायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हाड छान जुळलंय, ताई."