कुंदाबाईची खालची कवळी

शिरपूरकडच्या त्या गावात हळदीचं गाणं उचलायचा मान कुंदाबाईचा. पण १९९४च्या उन्हाळ्यात, पुतणीच्या हळदीला तिने सूर ओढला आणि खालची कवळी सुटून हळदीच्या ताटात पडली. बाया पदरात तोंड घालून हसल्या. धाकटी जाऊ बेबाबाई हसली नाही. तिने गाणं तिथूनच पुढे नेलं. कुंदाबाईला तेच झोंबलं.

मग लग्नघरची बोलावणी बेबाबाईला येऊ लागली. तिचे पांढरेशुभ्र दात दिसले की कुंदाबाईचा जळफळाट व्हायचा.

धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी जबड्याचा एक्स-रे काढला. "कवळीचा दोष नाही, बाई. दात जाऊन वीस वर्षं झाली, जबड्याचं हाड झिजलंय. कवळी टेकणार कशावर? नाशिकचे सर्जन कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवतात. तो सहा महिन्यांत एकजीव झाला की त्यात स्क्रू, आणि त्यावर कवळी पक्की."

नवरा, लोटन, हबकला. "गानासाठे कंबर फोडी लेशी?"

"लेसू," ती म्हणाली, घेणारच अशा ठेक्यात.

ऑपरेशननंतर महिनाभर ती काठी टेकत लंगडली. तोंड सुजलेलं, कवळी बंद. बेबाबाई रोज ताकात भाकरी कुस्करून आणायची, चमच्याने भरवायची. कुंदाबाई घास गिळायची आणि तिच्या दातांकडे बघत राहायची. एकदा शेजारणीने बेबाबाईचा गळा वाखाणला, तेव्हा कुंदाबाईने भरली वाटी पालथी केली. बेबाबाईने जमीन पुसली.

सहा महिन्यांनी कळलं, उजवीकडचं बसवलेलं हाड थोडं विरघळलं होतं. तरी पुढे दोन स्क्रू बसले. ते हाडात घट्ट धरल्यावर नवी कवळी त्यांवर खट्कन बसली, ओढूनही हलेना.

पुढच्या हळदीला कुंदाबाईने बेबाबाईच्या आधीच गाणं उचललं. शब्द स्वच्छ, सूर खणखणीत. पण मागून गाणाऱ्या पोरी सवयीने बेबाबाईच्या चालीवर गेल्या आणि गाणं फाटलं.

"थांबा वं," बेबाबाई थोरल्या जावेकडे बोट करून म्हणाली. "अक्का म्हनी तसं म्हना."

पोरींनी लगेच ऐकलं. हळदीची पाचही गाणी कुंदाबाईच्या चालीवर झाली.

"गाना चांगला जायनात ना?" घरी लोटनने विचारलं.

"जायनात," ती बेबाबाईच्या घराकडे मान उडवत म्हणाली. "पन तिन्हा सांगावर."

पुढे बारा वर्षं दोघी जावा शेजारी बसून गायल्या. बेबाबाईने श्वास घ्यायच्या आत कुंदाबाई गाणं उचलायची.