वाळूतला चिमणचारा

लग्न होऊन मी मारुंजीहून पिंपळे सौदागरला आले, त्याला आता खूप वर्षं झाली. पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा हे गाव म्हणजे नदीकाठची थोडी घरं आणि भोवती शेतं. आमच्या घरामागून उतरलं की पवनेची वाळू लागायची. पावसाळा सरला की नदी आत सरकायची आणि मागं राहिलेल्या वाळूत एक बारीक गवत उगवायचं. वीतभर उंच, केसांसारख्या काड्या, वर जांभळट तुरा. तो इतका विरळ की लांबून पाहिलं तर वाळूवर धूर रेंगाळल्यासारखा वाटावा. दाणे खसखशीहून बारीक. चिमण्यांचे थवे त्यावर उतरायचे, म्हणून आमच्याकडं त्याला चिमणचारा म्हणत.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या बोलायच्या कमी. काय हवं-नको ते नजरेनं सांगायच्या, आणि त्या नजरेला मी फार भ्यायचे. घरात एक गाय होती, नुकतीच व्यालेली. ती कडब्याला तोंड लावत नव्हती, चिमणचारा मात्र मिटक्या मारत खायची. पण हे गवत विळ्यात सापडत नाही. हातानं उपटायचं, मुळांची वाळू झटकायची आणि मूठ मूठ करून पाटी भरायची. त्यात सगळी दुपार जायची. घरात तेवढा वेळ कुणाला नव्हता, म्हणून ते काम नव्या सुनेकडं आलं. मला ते मनापासून आवडलं. तिथं डोक्यावरचा पदर मागं सरला तरी बघायला कुणी नव्हतं.

नदीपलीकडं पिंपरीची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथं राहत. आमच्या गावातून त्यांच्याकडं दूध जायचं, भाजी जायची, पण ती पुरुष माणसं नेत. आत्यांनी मला आल्या आल्या बजावलं होतं, "पल्याडच्या लोकांशी बोलत बसू नगं. त्यांची बोली येगळी, रीत येगळी."

एका दुपारी मी गवत उपटत होते, तर पलीकडून एक बाई सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन नदीच्या उतारातून, पाणी उथळ होतं तिथून, येताना दिसली. आत्यांच्याच वयाची, डोक्यावर पांढरी ओढणी. सरळ माझ्यापाशी आली आणि वाळूत बसली. मी दचकून उठले. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती तुऱ्यांवरून तळहात फिरवत होती, झोपलेल्या लेकराच्या केसांवरून फिरवावा तसा. मग वर बघून म्हणाली, "हमारे दरिया पर भी यही घास थी, बेटी."

मला हिंदी येत नव्हती. घास कळलं, बेटी कळलं. दर्या म्हणजे समुद्र, तेव्हा ही समुद्रकाठची असणार असं मी धरून चालले.

पुढं ती वरचेवर येऊ लागली. दोघींच्या हातांनी पाटी लवकर भरायची आणि वेळ उरायचा. त्या वेळात आम्ही ऊन खात बसायचो. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. ती काही तरी सांगत असायची, पुन्हा पुन्हा तेच. दोन्ही हातांनी गाठ सोडल्यासारखं करायची आणि हात हवेत मोकळे टाकायची. मला वाटायचं, गवताच्या पेंड्या कशा बांधाव्यात ते सांगते आहे. मी हसून मान डोलवायचे. मग तीही गप्प होऊन हसायची आणि एखादा तुरा माझ्या गालावर फिरवायची. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. त्या घरात माझं असं काहीच नव्हतं. ही बाई तेवढी माझी होती.

थंडीच्या दिवसांत एकदा मी गायीलाच वाळूत नेऊन खुंट्याला बांधलं. जीर्ण झालेलं दावं तुटलं, आणि मी वळून बघते तो गाय उतारातून पलीकडं निघालेली. हाका मारल्या, पण ती छावणीच्या बाजूला दिसेनाशी झाली. मी रडत घरी गेले. आत्यांनी पदर खोचला आणि त्या तरातरा नदीकडं निघाल्या. मी मागोमाग.

काठावर पोचलो आणि दोघीही थांबलो. गाय परत येत होती. पुढं ती बाई, उतार सोडून खोल पाण्यातून आलेली, कमरेपर्यंत भिजलेली, मागं धरलेल्या हातात चिमणचाऱ्याची मूठ. गळ्यात दावं नाही, काही नाही. गाय तिच्या हाताला नाक लावून मुकाट चालत होती.

मला बघताच ती ओरडली, "बेटी!"

आत्या माझ्याकडं वळल्या. "तुला बेटी म्हनती? वळख हाय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं.

आत्यांनी त्या बाईला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "चला, घरला चला. काकडाल अशानं."

घरी आत्यांनी तिला चुलीपाशी बसवलं. स्वतःचं सुकं लुगडं दिलं. तिला ते नेसता येईना, तेव्हा आत्याच नेसवायला लागल्या. कासोटा घालताना ती बाई एवढी दचकली की दोघी भिंतीला टेकून हसत सुटल्या. आत्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग गुळाचा चहा झाला.

त्यानंतर ती घरीच यायला लागली. आधी मला हाक मारायची, नंतर नंतर आत्यांना. दोघी गोठ्यात बसायच्या आणि मी चुलीपाशी भाकरी थापत त्यांचे आवाज ऐकायचे. मला राग यायचा. माझी मैत्रीण होती ती, आणि मलाच कामाला लावून या दोघी गप्पा मारत बसायच्या.

एकदा आत्या गोठ्यातून डोळे पुसत आत आल्या. "तिच्या दावनीला लई गाई व्हत्या गं," म्हणाल्या. "समद्या तितंच ऱ्हायल्या. निघायच्या येळंला येकयेकीचं दावं सोडलं तिनं. उपाशी मरू नये म्हनून. आन् मागं न बघता निघाली."

माझी भाकरी तव्यावर तशीच राहिली. गाठ सोडायची ती खूण मी इतके दिवस पाहत होते. आत्यांचा जन्म गायी बांधण्या-सोडण्यात गेलेला, त्यांना ती लगेच कळली होती.

"समुद्रकाठची ना ती?" मी विचारलं.

"समुद्र न्हाई," आत्या म्हणाल्या. "नदीलाच दर्या म्हनत्यात त्यांच्यात. हिच्यापरीस लई मोठी. पल्याड मानूस दिसत न्हाई म्हन."

उन्हाळ्यात तिच्या मुलाला लांबच्या कुठल्याशा शहरात काम लागलं. ती निरोप घ्यायला आली. गायीच्या कपाळाला कपाळ लावून बराच वेळ उभी राहिली. आत्यांनी तिला शिदोरी बांधून दिली आणि मला म्हणाल्या, "चल, टेशनापतूर जाऊ." उताराचं पाणी आटलं होतं. आत्या पहिल्यांदाच त्या काठाला गेल्या. छावणीतली माणसं वळून वळून बघत होती, आत्यांना त्याचं काही नव्हतं. गाडी सुटली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती. चढण्याआधी तिनं मला कुशीत घेतलं होतं, आत्यांकडं मात्र नुसती बघत राहिली होती.

येताना नदीच्या मध्यावर आत्या थांबल्या. "तुजी मैत्रीन व्हती ती," म्हणाल्या. "म्याच घेतली."

"आपल्या दोघींची व्हती की," मी म्हणाले.

तिची पुन्हा काही खबर आली नाही. पुढं कारखाने वाढले, चाळी उठल्या, ट्रक वाळूत उतरायला लागले. वाळू गेली तसा चिमणचाराही गेला. आमचं पक्कं घरही त्याच वाळूनं बांधलं, तेव्हा कुणाला नावं ठेवायची.

पण त्याआधी आणखी काही पावसाळे मिळाले. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला मी पाटी घेऊन निघाले, तर आत्याही उठल्या. आम्ही दोघी वाळूत बसून उपटायला लागलो. चिमण्या थोड्या दूर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं, हातातल्या मुळांची वाळू झटकत, माझ्याकडं न बघता आत्यांनी विचारलं, "तुज्या माह्यारी कंचं गवात उगवतं गं?"

लग्न होऊन आल्यापासून मला त्या घरात माहेराबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मी बोलायला लागले. पाटी भरली तरी माझं संपेना, आणि आत्या उठल्या नाहीत.