सुईच्या रांगेत हिरवा चुडा

"आजी, पोरी गेल्या कुठं?" सिस्टरनं विचारलं. तिच्याजवळ बर्फाचा डबा, डब्यात लस, न समोरचं बाकडं रिकामं.

म्या खाली मान घातली. पोरी कुठं गेल्या ते मला ठावं व्हतं. काहून गेल्या तेबी ठावं व्हतं. माह्यामुळं गेल्या व्हत्या.

मी पडेगावची कासारीण. बांगड्या भरायचा धंदा. मालक गेले तवा लेकरं लहान. टोपली डोक्यावर घेतली न दौलताबादपस्तोर पायी हिंडले. त्याचं काय सांगायचं, पाय व्हते, चालले. पण या धंद्यात एक हाय, कोणाच्याबी घरात थेट सैपाकघरापस्तोर जाता येतं. एका घरात मला आजी म्हणतात, दुसऱ्या मुसलमान घरात खाला, म्हंजे मावशी. बाई हात माह्या हातात देती न मनातलं बोलती. म्हणून दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम म्हणल्या, आजी, तुम्ही आमच्या पार्टनर व्हा. म्हंजे सुई त्यांनी द्यायची, घरोघरी सांगायचं म्या.

सांगायचं ते असं. बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो. तो बहुतेक एका व्हायरसनं होतो. पोर चौदा वर्षांची असताना ही सुई घेतली तर पुढं तो धोका लई कमी. सरकारी दवाखान्यात फुकट.

आयांनी माना हलवल्या. तेवढ्यावर गप बसायचं ना? पण मला अक्कल सुचली. सुई झाल्यावर पोरीला अर्धा तास बसवून ठेवतात, चक्कर येती का बघायला. तेवढ्यात फुकट बांगड्या भरल्या तर पोरी पळत येतील. मॅडमला विचारलंबी नाय. न फुकट म्हणल्यावर माहा हात काही चांगल्या मालाकडं गेला नाय. लग्नसराईतल्या हिरव्या बांगड्या उरल्या व्हत्या, त्याच बांधल्या.

हिरवा चुडा नवरीला भरतात, नायतर पोटुशीला. जन्म गेला माहा यात. पण त्या दिवशी डोक्यात नुसता उरलेला माल.

पहिल्या पोरी सुई घेऊन, हिरव्या बांगड्या वाजवत घरी गेल्या न वस्ती उठली. कोणी म्हणलं, पोरींची लग्नं लावायला लागले. कोणी म्हणलं, ही सुई लेकरं न होण्याची. आया आल्या न रांगेतून पोरी काढून नेल्या. वस्तीतल्या लतानं तर आपल्या लेकीला, पूजाला, मनगट धरून ओढलं. पूजाला पंधरा पुरी व्हायला थोडेच दिवस राहिले व्हते. पंधरा पुरी झाली की फुकटची सुई बंद. न लताची आई याच रोगानं गेलेली.

डॉक्टर मॅडम ओरडल्या नाय, तेच वाईट. म्हणल्या, "आजी, रंग कोणी निवडला?"

म्हणलं, "माह्या कंजूषपणानं."

"मग आता त्यालाच पाठवा समजवायला."

गेले. टोपली न घेता कोणाच्या दारात जायची माही पहिलीच बारी. हात कुठं ठेवावे कळंना.

लता दारातच म्हणली, "आता काय फुकट आणलं, आजी? मंगळसूत्र?"

"काय नाय आणलं." मी बसले. तिनं पाणी दिलं. मग मी बोलले.

"लता, तुही आई सवाष्ण गेली. हिरव्या बांगड्या भरायला मलाच बोलावलं व्हतं."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"तिचं माप मला पाठ. तेच घेऊन गेले. एकबी हातात राहिना, गळून पडायची. मग लेकराच्या मापाच्या काढल्या. पूजाच्या मापाच्या. त्या बसल्या."

लता उठली. गॅसवरचं दूध उतरवलं. उतू जात नव्हतं, तरी उतरवलं.

म्या म्हणलं, "हिरवं चुकीच्या जागी नेलं ते माहं खूळ. सुईत खोट नाय."

मग तिनं पाठमोरंच विचारलं, "दुखती का?"

"घट्ट बांगडीएवढी."

दुसऱ्या दिवशी लता पूजाला घेऊन आली. संमतीच्या कागदावर सही केली न सुई होईपस्तोर पोरीचं मनगट तिनंच धरलं, कालच्यावानी घट्ट. अर्धा तास पूजा माह्या शेजारी बसली. माहे मोकळे हात बघून म्हणली, "आजी, बांगड्या?"

लता म्हणली, "घरी येऊन निळ्या भरा. पैशे घ्या."

घेतले. धंदा हाय.

लताला बघून बाकीच्या आया हळूहळू आल्या. काही अजून नाय आल्या, त्यांच्या दारी जाते, टोपलीबिगर. मॅडम आता मला दुसऱ्या वस्तीत धाडायच्या आधी माही पिशवी उघडून बघतात. बघू द्या. हिरवा माल अजून घरी पडून हाय. कोणाकडं लग्न असलं तर सांगा, सुईच्या कामाला तो चालत नाय.