साने सरांची आफ्रिका

ऑफिसात एक अतिशहाणा असला की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्याकडे साने सर होते! २००५च्या सुमारास चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कात आमची टीम केनियातल्या एका नव्या रस्त्यासाठी नकाशे करायची. आफ्रिका कुणीच पाहिलेली नव्हती. सरांना तर पाहायची गरजही वाटत नव्हती.

*

पहिल्याच मीटिंगला सर म्हणाले, "आफ्रिकेला इतिहास असा नाहीच. इंग्रज आले, मग सगळं सुरू झालं!"

मी म्हटलं, "सर, मोंबासाहून आपल्याकडे शेकडो वर्षं गलबतं येत होती."

"येत असतील. नकाशा होता का त्यांच्याकडे?"

*

क्लायंटचा सर्व्हेअर जोसेफ केनियाहून आला. सरांनी त्याला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरला जेवायला नेलं. "तुमच्याकडे दारात सिंह येतात ना?"

"सिंह मी गेल्या रविवारी पहिल्यांदा पाहिला, सर," जोसेफ म्हणाला. "इथल्या झूमध्ये. तिकीट काढून."

*

"डांबर नाही, तर रस्ता नाही!" म्हणत सरांनी गुरं न्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका क्लिकमध्ये पुसली. हेच सर आंग मो किओत आपल्या राहत्या ब्लॉकमागच्या हिरवळीतून, लोकांनी चालून पाडलेल्या पायवाटेनं भाजी आणायला जायचे.

*

मग जोसेफच्या गावची राई आली. पूर्वजांच्या थडग्यांभोवती राखलेलं जुनं रान, तिथली काटकीही कुणी मोडत नाही. सरांनी शेरा मारला, 'रिकामी जागा'. तो तसाच राहिला, तर रस्ता थेट थडग्यांवरून जाणार होता. जोसेफ रोज विनवायचा. सर म्हणायचे, "सॅटेलाइटमध्ये झाडं दिसतात. माणसं कुठे आहेत?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण शेरा बदलायला सही सरांचीच लागायची.

*

शुक्रवारी नकाशे जायचे होते. बुधवारी सरच हवालदिल! कोकणातल्या त्यांच्या गावच्या देवराईतून रस्ता काढायचं घाटत होतं. सरांनी कलेक्टरला इंग्रजीत पत्र लिहिलं. ही जागा रिकामी नाही, पूर्वजांनी राखलेली आहे, वगैरे. इंग्रजी तपासायला दिलं कुणाला? जोसेफला!

तासाभरानं तो दोन प्रिंट घेऊन आला. पहिलीवर सरांनी झोकात सही ठोकली. दुसरी उचलली आणि थांबले.

"अरे, यात गावाचं नाव चुकलंय."

"नाही सर," जोसेफ म्हणाला. "बाकी शब्दन्‌शब्द तुमचाच आहे. सही इथे, खाली."