दुबईच्या बर्फावर तीन जोड्या

अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरून निघालो तेव्हा बाहेर अंग भाजणारं ऊन होतं आणि माझ्या मांडीवर लोकरीचा कोट होता. शेजारी माझी सतरा वर्षांची भाची रेवा. तिला स्की (बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या) घ्यायच्या होत्या. मागच्या वर्षी स्कीवरूनच पडून तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी आत्ता कुठे परवानगी दिली होती. माझा भाऊ सतीश मुसफ्फाला कामावर अडकलेला. "ताई, त्या धातूवाल्या कडक स्की तिला घेऊ देऊ नकोस," एवढं बजावून तो मोकळा. जणू नाशिकला मी रोज स्कीच विकते!

दुबईच्या मॉलमध्ये काचेपलीकडे खराखुरा बर्फाचा उतार. दुकानातल्या केरळी विक्रेत्याने तीन जोड्या पुढे ठेवल्या. मला तिन्ही सारख्याच.

"मॅडम, इसमें अंदर फोम है. बारा सौ दिरहम."

"अठ्ठावीस हजार रुपये!" मी ओरडलेच.

"आत्या, प्लीज डोन्ट कन्व्हर्ट," रेवा पुटपुटली.

दुसरीच्या आत लाकूड, किंमत पन्नास हजारांवर. तिसरीत लाकडाच्या वर-खाली धातूचे पत्रे, नव्वद हजार. रेवाचा हात तिच्यावरच.

"तुझे बाबा काय म्हणाले?"

"जस्ट ट्राय करते ना! यल्ला (चल)!"

दुकानाने तिन्ही जोड्या उतारावर वापरून बघायला दिल्या. भाड्याच्या जडशीळ बुटांत पाय कोंबून मी उताराच्या पायथ्याशी कुडकुडत उभी राहिले. फोमवाल्या हलक्या, पण वेग येताच त्यांची टोकं फडफडली; ते मलाही दिसलं. लाकडी शांतपणे वळल्या. मग धातूच्या. काय सरळ, सुंदर आली पोरगी! आणि शेवटच्या वळणावर कोलमडली. एक स्की सुटून माझ्या दिशेने घसरत आली.

मी धावले, पडले, उरलेलं अंतर रांगत गेले. तोंडात भाषण तयार होतं.

"गुडघा?"

"आय'म फाइन." पण डोळ्यांत पाणी. मग दिवसभरात पहिल्यांदाच ती नीट मराठीत बोलली. "स्की चांगली आहे गं आत्या. ती वाकतच नाही, जोर लावावा लागतो. वळताना गुडघा आठवला आणि मी घाबरले."

भाषण गिळलं. तिने लाकडी जोडी मागवली.

"आता पुरे, रेवा. घरी चल."

"एकदाच. नाहीतर मी परत कधीच जाणार नाही."

सतीशला फोन लावायला हवा होता. लावला नाही. तारेवरून वर जाणाऱ्या खुर्चीत ती एकटीच बसली. मनातल्या मनात मी तिला, तिच्या बापाला आणि वाळवंटात बर्फ करणाऱ्यांना शिव्या घातल्या. ती सावकाश, एकेक वळण घेत उतरली. दोन्ही पायांवर.

"खलास (संपलं). ह्याच घेते."

नाशिकला परतल्यावर सगळे उंच इमारतींबद्दल विचारतात. मीही त्यांचंच वर्णन करते. मनात मात्र ती खुर्ची वर जात असते. पडल्यावर लगेच पुन्हा वर जाणं, ह्याला धीर म्हणायचं की हट्ट, अजून ठरत नाही. आणि तिला जाऊ देणाऱ्या आत्याला काय म्हणायचं, ते हे वाचून सतीश सांगेलच. त्याला रेवाचं पडणं अजून माहीत नाही.